पदव्युत्तर वाणिज्य शिक्षणातील समारोप अभ्यासक्रम : समकालीन व्यवसायप्रश्न, शाश्वतता आणि काटोलची संत्रा बाग

सारांश

पदव्युत्तर पदवीच्या अखेरीस विद्यार्थ्याने आतापर्यंत शिकलेल्या सर्व विषयांचा एकत्रित उपयोग करून एखाद्या वास्तव व्यवसायप्रश्नाचा निर्णय द्यावा, हा समारोप अभ्यासक्रमाचा हेतू असतो. प्रत्यक्षात बहुतेक प्रकल्प मोठ्या कंपन्यांच्या प्रकाशित अहवालांचे संकलन ठरतात. प्रस्तुत लेखात या अभ्यासक्रमाची संकल्पना, शाश्वततेचा त्यातील अर्थ आणि काटोल परिसरातील संत्रा व्यवसायाच्या आधारे त्याची करता येण्यासारखी रचना यांचे विवेचन केले आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : समारोप अभ्यासक्रम, शाश्वतता, संत्रा व्यवसाय, भूजल, घसारा, संशोधन प्रकल्प

१. प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने महाराष्ट्र शासनाने १६ मे २०२३ रोजी शासन निर्णय निर्गमित केला. त्यातील आराखड्यानुसार दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ८८ श्रेयांकांचा आहे. संशोधन पद्धती व प्रत्यक्ष कार्यानुभव यांना प्रत्येकी ४ श्रेयांक, तर संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ व चौथ्या सत्रात ६ असे एकूण १० श्रेयांक दिले आहेत. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामासाठी एका श्रेयांकास ३० तास धरल्यास हे ३०० तासांचे काम होते. एम.कॉम.च्या विद्यार्थ्याला इतका वेळ एका प्रश्नासाठी मिळणे ही मोठी संधी आहे. त्या वेळेत काय करून घ्यावयाचे, हे ठरविण्याची जबाबदारी मात्र आपणा अध्यापकांवर येते.

काही वर्षांपूर्वी एका मौखिक परीक्षेस प्रस्तुत लेखक उपस्थित होता. विद्यार्थ्याने एका नामांकित कंपनीच्या पर्यावरणविषयक धोरणावर ऐंशी पानांचा प्रकल्प सादर केला होता. बाह्य परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, “यातला एक तरी आकडा तुम्ही स्वतः मोजलेला आहे का?” विद्यार्थी गप्प राहिला. पुढे सहज बोलताना कळले, की त्याच्या घरची संत्र्याची बाग आहे, जुनी विहीर आटल्यामुळे वडिलांनी त्याच वर्षी दुसरे बोअर घेतले आहे आणि त्यासाठी सोसायटीबाहेरून कर्ज काढले आहे. ज्या प्रश्नावर त्याच्या घराचे भवितव्य अवलंबून होते, तो प्रश्न त्याच्या प्रकल्पात कोठेही नव्हता. यात दोष विद्यार्थ्याचा नव्हता. तो प्रश्न वाणिज्य शाखेचा आहे, असे त्याला आम्ही कधी सांगितलेच नव्हते.

२. समारोप अभ्यासक्रम : संकल्पना

इंग्रजीत ज्याला ‘कॅपस्टोन कोर्स’ म्हणतात, ती संज्ञा बांधकामशास्त्रातून आली आहे. भिंतीच्या किंवा कमानीच्या माथ्यावर बसविला जाणारा अखेरचा दगड, हा तिचा मूळ अर्थ. व्यवसाय शिक्षणात या कल्पनेला बळ मिळाले ते अमेरिकेतील गॉर्डन व हॉवेल यांच्या १९५९ च्या अहवालामुळे. लेखाकर्म, वित्त, विपणन, अर्थशास्त्र हे विषय सुटे सुटे शिकलेल्या विद्यार्थ्याला अखेरीस त्यांची सांगड घालणारा एक अभ्यासक्रम असावा, अशी शिफारस त्या अहवालाने केली होती.

या अभ्यासक्रमाची तीन लक्षणे सांगता येतील. पहिले, त्यात नवीन सिद्धांत शिकविण्यापेक्षा शिकलेल्या सिद्धांतांचा वापर अपेक्षित असतो. दुसरे, प्रश्न एका विषयाच्या चौकटीत मावणारा नसतो. तिसरे, अखेरीस निर्णय द्यावा लागतो. ‘अभ्यास’ या शब्दाने संपणारे शीर्षक आणि ‘जनजागृती आवश्यक आहे’ या वाक्याने संपणारा निष्कर्ष हे निर्णयाचे स्वरूप नव्हे. कोणी, काय, केव्हा आणि किती खर्चात करावे, याचे उत्तर म्हणजे निर्णय होय.

३. शाश्वतता : घोषणेकडून हिशेबाकडे

पर्यावरण व विकास विषयक ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. भावी पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या क्षमतेला धक्का न लावता वर्तमान गरजा भागविणे, असा शाश्वत विकासाचा आशय त्यात मांडला गेला. जॉन एल्किंग्टन यांनी १९९४ मध्ये नफ्याबरोबरच समाज आणि पर्यावरण यांचाही ताळेबंद मांडावा, असा त्रिविध हिशेबाचा विचार पुढे आणला.

भारतात या विचाराला टप्प्याटप्प्याने कायदेशीर रूप मिळाले. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ अन्वये विहित मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करणे अपेक्षित आहे. सेबीने मे २०२१ मध्ये व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाचा नमुना जाहीर केला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना तो बंधनकारक केला. २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांपर्यंत हे प्रकटीकरण नेण्याचे ठरले होते. २०२५ मध्ये ते ऐच्छिक करण्यात आले.

या घडामोडींचा अर्थ विद्यार्थ्याला समजावा यासाठी त्या पाठ करून घेणे पुरेसे नाही. पाणी, माती आणि श्रम यांचा खर्च हिशेबाच्या वहीत येतो कसा आणि सुटतो कसा, हे त्याने एका ठिकाणी स्वतः तपासले पाहिजे. काटोलमध्ये असे ठिकाण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही.

४. काटोलचा संत्रा व्यवसाय : एकाच ठिकाणी अनेक प्रश्न

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील वरुड, मोर्शी हा संत्र्याचा सलग पट्टा आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नागपूर येथे १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांवरील राष्ट्रीय संशोधन संस्था कार्यरत आहे. नाव, संशोधन आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव या तिन्ही गोष्टी असूनही व्यवसाय अस्थिर आहे. त्याची कारणे वाणिज्याच्या प्रत्येक विषयात विभागलेली आहेत.

आंतरराष्ट्रीय व्यापाराचा प्रश्न पाहू. नागपुरी संत्र्याचा सर्वात मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश होता. त्या देशाने २०१९ पासून आयात शुल्क वाढवीत नेले आणि २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ टाकांपर्यंत पोहोचले. एकाच बाजारपेठेवर अवलंबून राहण्याची जोखीम पाठ्यपुस्तकात आपण शिकवितो. येथे ती बांधावर दिसली.

उत्पादन व विपणनाचा प्रश्न वेगळा आहे. नागपुरी संत्रे सहज सोलता येते, ताजे खाण्यास उत्तम असते. परंतु रस काढून ठेवल्यावर त्यातील लिमोनिनमुळे काही काळाने कडवटपणा येतो, बियाही अधिक असतात. म्हणून ‘प्रक्रिया उद्योग काढा’ ही सूचना सोपी असली तरी तिच्यामागे तंत्र, हंगामाची लांबी आणि कारखान्याची क्षमता यांचा हिशेब असतो. नागपूरच्या मिहान प्रकल्पात मार्च २०२५ मध्ये पतंजलीचा मोठा फळप्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. अशा प्रकल्पाने लहान आकाराच्या फळाला किमान भाव मिळतो का, हा विद्यार्थ्याने प्रत्यक्ष तपासण्याजोगा प्रश्न आहे.

सर्वात मूलभूत प्रश्न पाण्याचा आहे. हा प्रदेश दख्खनच्या काळ्या खडकाचा असून त्यात पाणी साठविण्याची क्षमता मर्यादित आहे. वरुड तालुका भूजलाच्या अतिउपशासाठी राज्यभर ओळखला जातो. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ नुसार ६० मीटरपेक्षा खोल विहीर ‘खोल विहीर’ ठरते आणि शेती व उद्योगासाठी तशा विहिरी घेण्यावर निर्बंध आहेत. म्हणजे सुमारे दोनशे फुटांपलीकडचे प्रत्येक बोअर हा केवळ खर्चाचा नव्हे, तर कायद्याचाही विषय आहे.

५. एक उदाहरण : बोअरचा घसारा

या प्रश्नांची सांगड कशी घालता येते हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत.

समजा, एका बागाईतदाराने पंपासह २,००,००० रुपये खर्चून बोअर घेतले. ते १० वर्षे चालेल असे गृहीत धरल्यास सरळ रेषा पद्धतीने वार्षिक घसारा २०,००० रुपये येतो. बागेचे उत्पन्न १० टन, म्हणजे १०,००० किलो असल्यास किलोमागे हा खर्च २ रुपये होतो. इतर सर्व खर्च किलोमागे १४ रुपये आणि विक्रीचा भाव १८ रुपये असल्यास किलोमागे २ रुपये नफा दिसतो. परंतु परिसरातील बोअरांची संख्या वाढून हेच बोअर चौथ्या वर्षाअखेर आटले, तर वार्षिक घसारा ५०,००० रुपये, म्हणजे किलोमागे ५ रुपये होतो. खर्च १९ रुपये, भाव १८ रुपये. जो व्यवसाय नफ्यात वाटत होता, तो पहिल्या दिवसापासून किलोमागे १ रुपया तोट्यात होता.

या उदाहरणातून वर्गात तीन गोष्टी शिकविता येतात. मालमत्तेचे उपयुक्त आयुष्य हे लेखापालाचे गृहीत असते, आणि पाण्याच्या बाबतीत ते गृहीत शेजाऱ्याच्या निर्णयावरही अवलंबून असते. अर्थशास्त्रातील ‘बाह्य परिणाम’ ही संकल्पना येथे रुपयांत मोजता येते. आणि शाश्वतता ही नफ्यानंतर करावयाची सत्कृत्ये नसून नफा खरा आहे की नाही हे ठरविणारी बाब आहे. बागाईतदार बहुधा घसाऱ्याची नोंदच ठेवत नाही. त्यामुळे आटलेले बोअर त्याला नशिबाचा भाग वाटतो, व्यवसायाचा खर्च वाटत नाही.

६. अभ्यासक्रमाची प्रस्तावित रचना

सुदैवाने आपली सत्रे आणि संत्र्याचे बहार यांचा मेळ बसतो. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, बाग भर उन्हाळ्यात पाण्यावर जगवावी लागते आणि फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीस येते. मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडांना ताण दिला जातो, पावसाच्या आगमनाबरोबर फुले येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते.

म्हणून तिसऱ्या सत्रात, आंबियाची फळे बाजारात येत असताना, विद्यार्थ्याने बाजाराकडून सुरुवात करावी. बाग ठोक्याने विकणे, कळमना बाजारात नेणे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत विकणे, यांपैकी एका मार्गाचा किलोमागील हिशेब त्याने तोडणी, छाटणी, क्रेट, वाहतूक, आडत व नासाडी यांसह मांडावा. चौथ्या सत्रात मृगाची तोडणी आणि उन्हाळ्याची चाहूल असताना त्याने पाण्याकडे वळावे. विहिरीची खोली, पंपाचे तास, ठिबकची स्थिती आणि आटलेल्या बोअरांची संख्या यांची नोंद त्याने स्वतः घ्यावी. अखेरीस एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे : या बागेने पुढील पाच वर्षे आंबिया घ्यावा, मृग घ्यावा, की बागेचा काही भाग कमी करावा? तीन पर्यायांचा खर्च, उत्पन्न, पाणी व जोखीम यांची तुलना हा प्रकल्पाचा गाभा असेल.

ज्यांच्या घरी बाग नाही, त्यांनी रोपवाटिका, वाहतूकदार, आडत दुकान किंवा पतसंस्था निवडावी. पतसंस्थेच्या कर्जवाटपातील किती भाग बोअरवर आणि किती ठिबकवर जातो, हाही शाश्वततेचाच प्रश्न आहे.

७. मूल्यमापन आणि काही दक्षता

मूल्यमापनात पृष्ठसंख्येला गुण नसावेत. स्वतः मोजलेल्या आकड्यांची नोंदवही, हिशेबाची अचूकता, निर्णयाचे समर्थन आणि तो निर्णय बागाईतदारासमोर मराठीत मांडण्याची क्षमता, या चार बाबींना गुण द्यावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांमुळे साम्य तपासण्याची व्यवस्था आली आहे. तथापि स्वतःच्या विहिरीची खोली मोजणाऱ्या विद्यार्थ्याला नक्कल करण्याचे कारणच उरत नाही.

दक्षताही आवश्यक आहेत. घरच्या कर्जाचे आकडे ही खाजगी बाब आहे. संबंधितांची संमती घ्यावी, अहवालात नावे देऊ नयेत आणि असे अहवाल ग्रंथालयात खुले ठेवू नयेत. साठ मीटरपलीकडच्या बोअरची माहिती देणारा शेतकरी अडचणीत येणार नाही, याची खात्री मार्गदर्शकाने करावी. विद्यार्थ्याचा निर्णय हा सल्ला आहे, आज्ञा नव्हे, हेही स्पष्ट करावे. फळगळ, डिंक्या किंवा कोळशी यांसारख्या रोगांविषयीचे मत कृषी विषयातील तज्ज्ञांकडूनच घ्यावे.

एका मार्गदर्शकाकडे अधिक विद्यार्थी असणे ही वास्तव अडचण आहे. त्यावर उपाय म्हणून एका गावातील चार-पाच विद्यार्थ्यांचा गट करून आकडेवारी सामायिक आणि निर्णय स्वतंत्र ठेवता येईल. त्यातून आणखी एक लाभ होईल. एका शिवारातील सर्व विहिरींची नोंद एकत्र पाहिल्यावरच पाणी हा एकट्याने सोडविण्याचा प्रश्न नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल.

८. समारोप

ज्या परिसरातील पाणी, पीक आणि बाजार यांचा हिशेब कोणीच पूर्ण मांडलेला नाही, तेथे वाणिज्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने तो मांडणे हे संशोधनच आहे. मोठ्या कंपन्यांचे अहवाल जरूर वाचावेत. परंतु ते कसे वाचावेत हे त्याला स्वतःचा एक हिशेब केल्यानंतरच कळेल. प्रतिवर्षी दहा विद्यार्थ्यांनी दहा बागांची प्रामाणिक नोंद केली, तर पाच वर्षांत महाविद्यालयाकडे पन्नास बागांची माहिती जमा होईल आणि पुढील तुकडीला कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुढील बोअर घेण्यापूर्वी एखाद्या घरात वडील आणि मुलगी वही घेऊन एकत्र बसतील. दहा श्रेयांकांतून एवढे साध्य झाले, तरी या अभ्यासक्रमाचे प्रयोजन सिद्ध झाले असे म्हणता येईल.