शरीराची थकबाकी

डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावी चार-चार दिवसांत माणसांना टक्कल पडू लागले, ती आठवण सर्वांस ताजी आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून मत मांडले की, रेशनच्या गव्हातून सेलेनियम वाजवीपेक्षा फार पोटात गेले. रुग्णांच्या रक्तात जस्त मात्र कमी भरले. चिमटीत न येणारी ही द्रव्ये. पण जास्त झाली तरी हिशेब बिघडतो, कमी पडली तरी बिघडतो.

त्याच सुमारास खामगावच्या आमच्या एका सहकाऱ्याचे केस गळू लागले. घरच्यांनी गव्हाला दोष दिला. हे गृहस्थ दीड वर्षापूर्वी वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया करून आलेले. गोळ्या चालू आहेत काय, असे आम्ही विचारले. "वजन उतरलं, साखर उतरली भाऊ, आता गोया कायले?"

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. कामगारांच्या आजारपणाचे अर्ज लिहिता लिहिता हा विषय शिकावा लागला. या शस्त्रक्रियेच्या एका प्रकारात जठराचा मोठा भाग कापून काढतात. दुसऱ्यात जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न आतड्याचा आरंभीचा भाग टाळून जाते. लोह मुख्यतः तिथेच शोषले जाते, कॅल्शियमही बरेचसे तिथेच. म्हणजे भाकरी खाल्ली तरी तिच्यातले लोह पदरात पडेलच असे नाही.

ब-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. ते शोषून घेण्यास जठरातून पाझरणारे एक द्रव्य लागते. जठरच आखडले की ते कमी पडते. यकृतात ब-१२ ची शिल्लक असते, प्रॉव्हिडंट फंडासारखी; म्हणून वर्ष-दोन वर्षे काही जाणवत नाही. मग पायांना मुंग्या येतात, आणि मज्जातंतूंचे नुकसान पुष्कळदा भरून येत नाही. आपल्याकडच्या माळकऱ्यांचा हा फंड मुळातच तुटपुंजा, कारण शाकाहारात ब-१२ मिळते ते दूधदुभत्यातूनच.

ब-१ ची शिल्लक मात्र जेमतेम काही आठवड्यांची. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील तर घरी बसू नये; आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी ब-१ द्यावयास हवे, हे डॉक्टरांस आठवण करून देण्यात संकोच कसला?

गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या, वर्षाला रक्त तपासावयाचे. लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाबरोबर लिंबूपाणी चालते, चहा नव्हे. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातले बरे, कारण त्याला जठरातल्या आम्लाची फारशी गरज लागत नाही. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, तेही तुकड्यातुकड्याने.

आमच्या सहकाऱ्याने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून जस्ताच्या गोळ्या मात्र सुरू केल्या होत्या, दुप्पट! जस्त अति झाले की तांब्याचे शोषण अडते. मग रक्त कमी होते, पाय बधिर होतात. त्या थांबविल्या. तपासणीत लोह व ब-१२ दोन्ही कमी निघाले.

त्यांच्या विम्याने शस्त्रक्रियेचे बिल भरले, गोळ्यांचे नाही. तो खर्च आम्ही यंदाच्या मागणीपत्रात घातला आहे. मालकांचे उत्तर अजून यावयाचे आहे.