पोलाद मोडते कोठून?

थर्माकोलचा एक तुकडा वर्गात विद्यार्थ्यांसमोर मोडून पाहा. मोडलेल्या कडेवर गोल मणी दिसतील. बरेचसे मणी अखंडच असतात. सुटलेला असतो तो त्यांच्यामधला सांधा. ठिसूळ झालेले पोलादही पुष्कळदा असेच मोडते.

पोलाद हा एकसंध पदार्थ वाटतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली तो असंख्य लहान स्फटिककणांचा बनलेला दिसतो. प्रत्येक कणात अणू शिस्तीत रचलेले असतात. मात्र शेजारच्या कणातील रांगांची दिशा वेगळी असते. दोन कण जेथे भेटतात त्या कणसीमेवर रचना विस्कटलेली असते व जागा थोडी सैल असते. स्फुरदासारखा परका अणू कणाच्या आत अवघडून बसतो; सीमेवर त्याला सोयीची जागा मिळते. संधी मिळताच तो तिकडे सरकतो आणि लोखंडाच्या अणूंमधली पकड सैल करतो.

पण अशुद्धी असते तरी किती? येथे एक हिशेब करण्यासारखा आहे. कण ०.०५ मिलिमीटर बाजूचा घन आहे असे मानू. लोखंडाच्या अणूंतील अंतर साधारण ०.२५ नॅनोमीटर, म्हणजे एका बाजूवर सुमारे २ लाख अणू. घनाला सहा पृष्ठे, पण प्रत्येक पृष्ठ शेजाऱ्याशी सामाईक, म्हणून हिशेबात तीनच धरायची. सीमा एक अणू जाडीची मानली तर २ लाखांत ३, म्हणजे दर १० लाख अणूंत फक्त १५ अणू सीमेवर असतात. आता पोलादात वजनाने अवघे ०.०१ टक्का स्फुरद आहे असे धरा. त्याचा अणू लोखंडाच्या अणूपेक्षा हलका, म्हणून १० लाखांत ते सुमारे १८० अणू भरतात. जागा पंधरा आणि उमेदवार एकशेऐंशी!

सगळे उमेदवार अर्थातच तेथे पोचत नाहीत. तापमान फार जास्त असेल तर अणू पुन्हा कणांत विखुरतात. फार कमी असेल तर त्यांना हालचालच करता येत नाही. धोका मधल्या पट्ट्यात, सुमारे ३५० ते ५५० अंश सेल्सिअसमध्ये असतो. जाडजूड नगाला पाणी देऊन, पुन्हा तापवून तो भट्टीतच सावकाश निवू दिला, तर या पट्ट्यात तो बराच वेळ रेंगाळतो आणि ठिसूळ होतो. त्याची कठिणता व ताणशक्ती मोजली तर फरक जवळपास दिसत नाही. खाच पाडलेल्या नमुन्यावर हातोड्याचा आघात केला की मात्र बिंग फुटते.

सप्टेंबर १९६९ मध्ये इंग्लंडच्या हिंकली पॉइंट येथील वीजकेंद्रात टर्बाइनची एक चकती फिरता फिरता फुटली. क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची ही चकती घडवताना सावकाश निवली होती आणि तिच्या कणसीमांवर स्फुरद साचले होते. ती फुटायला जेमतेम दीड मिलिमीटर खोलीची चीर पुरली.

गंधकाची तऱ्हा वेगळी. लोखंड व लोहसल्फाइड यांचे मिश्रण ९८८ अंशांलाच वितळते. लाल तापलेल्या पोलादावर घण पडला की कणांमधला हा द्रव सुटतो व पोलाद चुरा होते. बेसेमरच्या १८५६ च्या पद्धतीने बनवलेल्या पोलादात हे घडत असे. त्यात मँगेनीज घातल्यावर ते गंधकाला स्वतःकडे ओढून घेऊ लागले. स्फुरदाचा प्रश्न सुटायला मात्र टॉमस व गिलख्रिस्ट यांच्या चुनायुक्त अस्तराच्या भट्टीची, म्हणजे १८७० च्या दशकाच्या अखेरीची वाट पाहावी लागली.

हिंकली पॉइंटच्या घटनेनंतर काही आठवड्यांतच, २८ ऑक्टोबर १९६९ रोजी, आपल्या बोईसरजवळच्या तारापूर अणुवीज केंद्रातील पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास सुरुवात केली. तेथेही पुढे कणसीमांनीच डोकेदुखी केली, पण गुन्हेगार निराळा होता: कार्बन. या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांतील पाणी फिरवणारे नळ स्टेनलेस स्टीलचे, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेल्या पोलादाचे होते. नळांचे सांधे वेल्डिंगने जोडतात. सांध्यालगतचा भाग त्या वेळी ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यातून जातो आणि कार्बन कणसीमेवर येऊन क्रोमियमशी संयोग पावतो. म्हणजे येथे परका अणू पकड सैल करत नाही, तर शेजाऱ्याचे क्रोमियम हिरावून घेतो. सीमेलगतच्या अरुंद पट्टीत क्रोमियम १२ टक्क्यांखाली गेले की तेवढ्यापुरते ते स्टील ‘स्टेनलेस’ राहत नाही. त्यातच वेल्डिंगमुळे राहिलेला ताण आणि सुमारे २८० अंशांचे, प्राणवायू विरघळलेले पाणी. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की चीर सीमासीमांनी पुढे सरकते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील अशाच अणुभट्ट्यांत हा अनुभव वारंवार आला.

म्हणूनच अशा नळांची तपासणी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी करतात. डोळ्यांना बाहेरून काही दिसत नाही. २०२० मध्ये तारापूरच्या या दोन्ही भट्ट्या थांबवल्यावर जी मोठी कामे हाती घेण्यात आली, त्यांत हे नळ बदलणे हे एक होते. अशा कामासाठी आता जे स्टील वापरतात त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांहून कमी ठेवतात. जुन्या प्रकारात तो ०.०८ टक्क्यांपर्यंत चालत असे.