सोलाणं वापरताना जपायचा तो दुसरा हात

हलव्यासाठी दुधी सोलत होते. देठाकडची दोन बोटांएवढी साल तेवढी राहिली होती. तो निसरडा तुकडा चिमटीत धरला, सोलाणं ओढलं आणि तर्जनीच्या टोकाची कातडी दुधीच्या सालीसारखीच अलगद निघाली. रक्त थांबायला पाव तास लागला.

आपल्या घरांत हात तयार होतो विळीवर. विळीचं पातं जागचं हलत नाही, भाजी हलते आणि नजर पात्यावर असते. सोलाण्याचं नेमकं उलट आहे. इथे पातं धावतं, आणि त्याच्या वाटेत भाजी धरलेला आपला दुसरा हात असतो. सोलाण्याबद्दलचे बरेच गैरसमज हा फरक लक्षात न आल्यामुळे होतात.

गैरसमज : सुरी लागते, सोलाण्याने काय होतंय?
वस्तुस्थिती : सुरीने चीर पडते, तिच्या कडा जुळवून दाबता येतात. सोलाणं कातडीचा पापुद्राच काढून नेतं. जुळवायला कडाच नसतात, म्हणून जखम छोटी दिसली तरी बराच वेळ वाहते. बोटाच्या टोकाशी रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दाट असल्याने ठणकाही जास्त.

गैरसमज : धार गेलेलं सोलाणं बरं, कापायची भीती नाही.
वस्तुस्थिती : बोथट पातं साल पकडत नाही. मग आपण जोर लावतो, पातं सटकतं आणि त्याच जोराने बोटावर येतं. तांबड्या भोपळ्यासारख्या टणक सालीवर हे हमखास होतं. साल तुटक निघू लागली, दात लागल्यासारखी फाटू लागली, की सोलाणं बदलायची वेळ आली. धारदार पात्याला नुसता हलका हात पुरतो.

गैरसमज : पातं कायम अंगापासून दूरच न्यायचं.
वस्तुस्थिती : सरळ दांड्याच्या सोलाण्याला हे लागू पडतं. बेचकीच्या आकाराचं सोलाणं मात्र आपल्याकडे ओढण्यासाठीच बनवलेलं असतं. दोन्हींना लागू पडणारा नियम एकच : भाजी धरलेली बोटं पात्याच्या मागे हवीत, पुढे कधीच नकोत. म्हणून गाजर किंवा काकडी पाटावर आडवी टेकवा, एक टोक धरून मध्यापासून पुढे सोला, मग फिरवून उरलेला अर्धा भाग सोला.

गैरसमज : भाजी धुतली की ओली असतानाच सोलावी.
वस्तुस्थिती : धुवायची जरूर, पण मग फडक्याने भाजी आणि हात दोन्ही कोरडे करा. दुधी, कच्ची पपई, अळकुड्या यांचा चिकट रस सोलता सोलता हातावर येतो, म्हणून मध्येच पुन्हा पुसा. शेवटचा टोकाचा तुकडा चिमटीत धरून सोलायच्या भरीस पडू नका. तो पाटावर ठेवून सुरीने साल उतरवा.

गैरसमज : काम झालं की सोलाणं भांड्यांत टाकलं तरी चालतं.
वस्तुस्थिती : साबणाच्या फेसाखाली पातं दिसत नाही आणि भांडी घासणाऱ्याचा हात नेमका त्यावर पडतो. वापरल्याबरोबर वेगळं धुवा. अडकलेली साल बोटाने न काढता दात घासायच्या जुन्या ब्रशने काढा आणि पुसून ठेवा, म्हणजे गंजही धरणार नाही.

गैरसमज : कापलं की हळद किंवा कॉफीपूड दाबायची.
वस्तुस्थिती : रक्त थांबतं ते दाबाने. पूड जखमेत अडकते, घाण आत राहते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. वाहत्या पाण्याखाली जखम धुवा, स्वच्छ कापड ठेवून हात वर धरा आणि सलग १० मिनिटं दाबा. मध्ये उचलून पाहू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. तरीही रक्त थांबत नसेल, बोट बधिर वाटत असेल किंवा जखम खोल असेल, तर दवाखाना गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्त थांबायला वेळ लागतो, तेव्हा तिथे हयगय नको. धनुर्वाताच्या शेवटच्या लशीला १० वर्षं झाली असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. जखमेत घाण गेली असेल तर ५ वर्षं झाली असली तरी सांगा.

गैरसमज : मुलांच्या हाती सुरी नको, सोलाणं खुशाल द्या.
वस्तुस्थिती : द्या, पण शेजारी बसून. सुरुवात पाटावर टेकवलेल्या लांब, सरळ काकडीने करा. साल कशी काढायची ते मूल पाहून शिकतं. आधी शिकवायचं ते एवढंच, की पातं हलण्यापूर्वी दुसरा हात कुठे आहे ते बघायचं.