गिटारवर भीमगीत : चाल उसनी की आपली?

बेसा आता पूर्वीचे खेडे राहिले नाही. नव्या वस्त्यांतली चार पोरे जमतात, कुणाकडे गिटार असते, ड्रम भाड्याने येतो आणि बँड उभा राहतो. भीमजयंती जवळ आली की मात्र प्रश्न पडतो : लोकांच्या ओळखीची गाणी वाजवायची की स्वतःची?

आम्हाला हा प्रश्न नवा वाटत नाही. घरात भीमगीतांची जुनी पुस्तिका असेल तर काढून पाहा. गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून सिनेमातल्या गाण्याचे नाव दिसेल. चाल उसनी, शब्द आपले. ज्याला वाचता येत नाही तोही चाल ओळखीची म्हणून मागे म्हणू लागे. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी अशीच तोंडातोंडी गावोगाव गेली. याला नक्कल म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या आजीला ऐकावे!

रॉकवाले दुसऱ्याचे गाणे शब्द-चालीसकट वाजवतात, त्याला ‘कव्हर’ म्हणतात. मोठ्यांचीही सुरुवात तिथूनच झाली. बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या तबकडीत १४ पैकी ६ गाणी इतरांची होती. पुढच्याच वर्षी ‘अ हार्ड डेज नाइट’मध्ये सगळी १३ त्यांची स्वतःची. मधल्या काळात हात बसला होता.

आपल्यातही वाट पडली आहे. कबीर शाक्य यांनी २०११ मध्ये मुंबईत ‘धम्म विंग्ज’ काढला आणि बुद्ध-बाबासाहेबांचा विचार रॉकमध्ये आणला. चेन्नईत पा. रंजित आणि तेन्मा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने जानेवारी २०१८ मध्ये पहिला कार्यक्रम केला. त्यांनी वस्तीतला गाना, रॅप आणि रॉक एकत्र केले. शब्द जातीविरुद्धचे, स्वतःचे.

कायद्याचेही पाहावे. तिकीट न लावता हौशी मंडळाने गाणी सादर केली तर कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. पण सिनेमाच्या चालीवर नवे शब्द बसवून ते बाजारात आणायचे असेल तर मालकाची परवानगी लागते. ही कटकट पोरांच्या स्वतःच्या गाण्याला नाही.

जयंती मंडळांनी पाऊण तासात दोन गाणी तरी पोरांची ठेवावीत. अगदी सुरुवातीला नकोत. आधी ओळखीच्या दोन गाण्यांनी मैदान बसू द्यावे.