कोपऱ्यावरच्या पोरांची प्रेमगीतं

पेटी घ्या आणि सा पांढरी एकला धरा. आधी सा-ग-प एकत्र दाबा, मग ध-सा-ग, मग म-ध-सा, शेवटी प-नी-रे, आणि पुन्हा पहिल्यावर या. लय संथ ठेवा, प्रत्येक ठोक्याचे तीन सारखे तुकडे पाडा. अमेरिकेतल्या काळ्या पोरांनी १९५० च्या दशकात गायलेली कितीतरी प्रेमगीतं एवढ्या चार सुरमेळांवरच उभी आहेत. या गायकीला डू-वॉप म्हणतात.

मी महाडच्या एका गायन पार्टीत पेटी वाजवतो. आमची गाणी भीमगीतं. २० मार्चला चवदार तळ्यावर माणूस लोटतो, तेव्हा आम्हाला श्वास घ्यायलाही फुरसत नसते. डू-वॉप माझ्यापर्यंत आलं ते बोटीवर नोकरीला असलेल्या मामांच्या कॅसेटींतून. २०२१ च्या जुलैतल्या पुरात त्या कॅसेटी गेल्या. आता मोबाइलवर ऐकतो.

डू-वॉपमध्ये चार-पाच जणांचा संच असतो. एक मुख्य गायक, त्याच्याही वर तरंगणारा एक बारीक, उंच आवाज, तळाला खर्ज आणि मधे साथीचे दोघे. आमच्या पार्टीतही गायक आणि कोरस असतो, पण आमचा कोरस ओळ उचलतो. त्यांचा कोरस अर्थ नसलेले बोल म्हणत वाद्यांची जागा भरतो. त्या पोरांच्या खिशात वाद्यांचे पैसे नव्हते. आईबाप दक्षिणेतली शेतमजुरी आणि जुलूम सोडून शहरात आलेले. गळा तयार झाला चर्चमध्ये, तालीम झाली रस्त्याच्या कोपऱ्यावर आणि इमारतीच्या जिन्यात, कारण जिन्यात आवाज घुमतो.

सुरुवात जरा आधीची. १९३९ मध्ये इंक स्पॉट्स या संचाने ‘इफ आय डिडंट केअर’ गायलं. त्यात उंच आवाजातलं गाणं संपलं की खर्जातला माणूस तेच मनातलं नुसतं बोलून सांगतो. पुढे १९४८ मध्ये बाल्टिमोरच्या ओरिओल्सचं ‘इट्स टू सून टु नो’ आलं. ते डेबोरा चेस्लर या तरुण ज्यू मुलीने लिहिलं होतं. ओरिओल्सचा गायक सनी टिल ते इतकं हळू गातो की शब्द तोंडातून सोडायलाच तो भितोय असं वाटतं. तोपर्यंत काळ्यांच्या रेकॉर्डींची यादी ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने छापत असे. १९४९ मध्ये ते नाव जाऊन ‘रिदम अँड ब्लूज’ आलं.

मला सर्वांत प्रिय आहे पेंग्विन्सचं ‘अर्थ एंजल’, १९५४ चं. लॉस एंजेलिसमधल्या एका घराच्या गॅरेजमध्ये ते ध्वनिमुद्रित झालं. ड्रमचा आवाज गाण्यावर चढू नये म्हणून त्यावर उशा ठेवल्या होत्या, आणि शेजारचा कुत्रा भुंकला की काम थांबायचं. एवढ्या गैरसोयीतून आलेलं ते गाणं लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. लगोलग क्रू-कट्स या गोऱ्या संचाने तेच गाणं गायलं आणि ते तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. दोन्ही लागोपाठ ऐका. दुसऱ्यात सूर चोख आहेत, पण जीव पहिल्यातच आहे.

‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ लिहिणारा फ्रेड पॅरिस सैन्यात होता. रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्याने ते रचलं. १९५६ मध्ये न्यू हेवनमधल्या सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात त्याच्या फाइव्ह सॅटिन्सने ते गायलं. त्याच वर्षी तेरा वर्षांचा गायक फ्रँकी लायमन देशभर गाजला. १९६८ मध्ये, पंचविशीतच, तो गेला.

हे सगळं चालू होतं तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांत पाण्याचे नळही गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे होते. महाडच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि त्या पाण्यावरचा दलितांचा हक्क हायकोर्टात कायम व्हायला १९३७ उजाडलं. तिकडे दक्षिणेत १० एप्रिल १९५६ ला बर्मिंगहॅम शहरात काळा गायक नॅट किंग कोल गात असताना गोऱ्यांनी मंचावर चढून त्याच्यावर हल्ला केला. लढ्याची गाणी गात नव्हता तो, प्रेमाचीच गात होता.

म्हणून कुणी या गाण्यांना हलकीफुलकी म्हटलं की मला राग येतो. ज्याला माणसांत धरत नव्हते, त्या पोराने आपलं झुरणं, आपली लाज, आपली वाट पाहणं साऱ्या देशाच्या रेडिओवर सांगायचं, याला छाती लागते. भीमगीत गाताना आमच्या गायकाचा आवाज जिथून येतो, तिथूनच सनी टिलचाही येतो, असं मला पेटीवर बसल्या बसल्या ठामपणे वाटतं.

पार्टीतल्या पोलादपूरच्या एका पोराला मी ‘अर्थ एंजल’ ऐकवलं. दुसऱ्या फेरीला त्याने खालचा खर्ज बरोबर धरला. वरच्या सुराला अजून कुणी तयार होत नाही. महाड-पोलादपुरात तसा गळा कुणाचा असेल, तर तालमीला या. चार सुरमेळ मी धरतो.