कागदावरची हळद, रानातली मुळी

डॉ. रघुनाथ माशेलकरांचे नाव निघाले की हळदीची गोष्ट हमखास निघते. अमेरिकेने आपली हळद पळवली आणि माशेलकरांनी ती परत आणली, असे आपण सांगतो. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. इथे धारणीत राहून पेटंटचे कायदे आणि निकाल वाचत गेलो, तसा मला तिचा उरलेला अर्धा भाग मोलाचा वाटू लागला. तो लढा कशाच्या बळावर जिंकला, आणि ते बळ मेळघाटातल्या कोरकू माणसाजवळ आहे का?

माशेलकर मूळचे रासायनिक अभियंते. जन्म 1943 सालचा, गोव्यातल्या माशेलचा. वडील लवकर गेले. आईने मुंबईत कष्ट उपसून मुलाला शिकवले. मुंबईच्या यूडीसीटीतून 1966 साली पदवी, 1969 साली पीएच.डी., मग इंग्लंडात सॅल्फर्डला अध्यापन आणि 1976 साली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. 1989 साली ते तिथे संचालक झाले. वकिलीची सनद त्यांच्याकडे नव्हती, पण पेटंट कायद्याचे मर्म त्यांनी ओळखले होते. आधी पेटंट घ्या, मग निबंध छापा, असा त्यांचा शास्त्रज्ञांना आग्रह असे. कारण साधे आहे: शोध एकदा छापून आला की कायद्याच्या नजरेत तो ‘नवा’ उरत नाही. हाच नियम पुढे त्यांना उलट्या बाजूने कामी आला.

1995 साली ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले, म्हणजे दिल्लीतले बडे सरकारी अधिकारी. त्याच वर्षी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांच्या शोधाला अमेरिकेत पेटंट मिळाले. ते हळदीवर नव्हते, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर होते. आपल्याकडे पोराचा गुडघा फुटला की आई जे करते, तेच. 1996 साली परिषदेने फेरतपासणीचा अर्ज केला आणि 1997 साली पेटंटमधले सर्व दावे नाकारले गेले.

इथे एक बारकावा आहे. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातला नुसता वापर किंवा तोंडी ज्ञान जमेस धरले जात नसे. परदेशातला पुरावा छापील हवा. भारतातल्या कोट्यवधी आयांची साक्ष तिथे शून्य होती. म्हणून परिषदेने 32 लेखी संदर्भ शोधून काढले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथ होते, तसाच 1953 साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापलेला एक निबंधही होता. जिंकला तो कागद. युरोपातली रीत वेगळी. तिथे कडुनिंबाच्या अर्कावरील पेटंट 2000 साली रद्द झाले, त्यात एका भारतीय कारखानदाराची प्रत्यक्ष साक्ष निर्णायक ठरली. अमेरिकेनेही 2013 पासून परदेशी वापराबाबतची ती अट काढली. पण वापर सिद्ध करण्याचे ओझे आक्षेप घेणाऱ्यावरच आहे.

दर पेटंटमागे असा खटला परवडणारा नाही. त्यामुळे 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथसंग्रह उभा राहिला. आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध ग्रंथांतली सूत्रे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आणली गेली, आणि 2009 साली ती युरोप-अमेरिकेच्या पेटंट परीक्षकांपुढे ठेवली गेली. माशेलकरांच्या कारकिर्दीला वादाचा डागही आहे. औषध पेटंटवरच्या त्यांच्या समितीचा अहवाल त्यातल्या उसन्या मजकुरामुळे 2007 साली मागे घ्यावा लागला. सुधारित अहवाल 2009 साली आला. तरी ज्ञान नोंदवून राखण्याची वाट त्यांच्या काळातच रुळली, हे मान्य करावे लागते.

पण त्या संग्रहात ग्रंथ आहेत. कोरकूंचा ग्रंथच नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिला स्वतःची लिपी नाही. कोणती मुळी कधी खणायची, कशात उगाळायची, कोणाला द्यायची नाही, हे भूमका आणि पडियार तोंडी शिकतात आणि तोंडीच पुढे देतात. म्हातारा भूमका गेला आणि मुलगा कामाला परतवाड्याला किंवा पुण्याला लागला, की ती साखळी तुटते.

आपल्या कायद्याने या ज्ञानाकडे पाठ फिरवलेली नाही. पेटंट कायद्याच्या 25व्या कलमानुसार स्थानिक समाजात तोंडी चालत आलेले ज्ञानही पेटंटला आक्षेप घेण्याचा आधार ठरते. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आणली. अडचण वेगळीच आहे. ज्ञान जाहीर छापले तर कोणाला त्याचे पेटंट मिळणे अवघड होते, पण ते फुकटात वापरायला सगळे मोकळे होतात. गुप्त ठेवले तर ताबा राहतो, पण परदेशातल्या परीक्षकाला ते दिसतच नाही. हळदीला हा पेच नव्हता. ती कधीच सर्वांची झाली होती.

म्हणून मला वाटते, नोंदवही भरताना झाडांची यादी करून भागणार नाही. सांगणाऱ्याचे नाव, तारीख, त्याच्या कोरकूतलेच शब्द आणि त्याची संमती, एवढे तरी तीत असावे. काय जाहीर करायचे आणि काय राखायचे, ते ग्रामसभेने ठरवावे. माशेलकरांजवळ पुराव्याला जुनी पाने होती. मेळघाटाची पाने अजून लिहायची आहेत, आणि ती सांगू शकणारी माणसे थकत चालली आहेत.