चहासोबत खारी नको, आंबवलेल्या पिठाचा खाकरा हवा

संध्याकाळी कामावरून आले की चहा आणि सोबत खारी, बटर किंवा फरसाण. भांडुपच्या टेकडीवरच्या वस्त्यांत हा रोजचा क्रम. खारीत मैदा आणि वनस्पती तूप, फरसाणात मीठ आणि तेल. घरात कुणाला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर औषध चालू असूनही हा खाऊ नुकसान करतो.

परदेशात आंबवलेल्या पिठाचे पातळ, कुरकुरीत क्रॅकर खातात. त्या पिठाला सावरडो म्हणतात. आंबवणे आपल्याला नवे नाही. नाचणी-ज्वारीची आंबील आपल्या आज्या करत आल्या. कुरकुरीतपणाही नवा नाही. सोलापूरची कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. या दोन्हींचा मेळ घालू. ओव्हन लागत नाही, तवा पुरे.

विरजण : काचेच्या बरणीत दोन चमचे गव्हाचे पीठ व दोन चमचे पाणी कालवून सैल झाकावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून उकळून गार केलेले पाणी घ्यावे. रोज अर्धे काढून तेवढेच ताजे पीठ-पाणी घालावे. काढलेले पीठ थालीपिठात जाते. साधारण पाच ते सात दिवसांत मिश्रण फुगून दुप्पट होते, आंबूस वास येतो. गुलाबी, नारिंगी छटा किंवा बुरशी दिसली तर सगळे फेकून द्यावे.

खाकरा : आदल्या रात्री विरजणात अर्धी वाटी पीठ व त्याहून थोडे कमी पाणी घालावे. सकाळी दोन चमचे पुढच्या वेळेसाठी बाजूला ठेवावे. एक वाटी फुगलेल्या विरजणात अर्धी वाटी ज्वारीचे व अर्धी वाटी गव्हाचे पीठ, दोन पोह्याचे चमचे तेल, अर्धा छोटा चमचा मीठ, ओवा आणि तीळ घालून घट्ट मळावे. तीन-चार तास झाकून ठेवावे. आठ गोळे करून पातळ लाटावे. मंद आचेवर फडक्याने दाबत दोन्ही बाजूंनी कडक होईपर्यंत भाजावे. पूर्ण गार झाल्यावर घट्ट डब्यात भरावे. पावसाळ्यात लवकर सादळतात.

हिशेब : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे छोट्या चमचाभराच्या आत मीठ खावे. या एका खाकऱ्यात साधारण पाव ते अर्धा ग्रॅमच असते. आंबवल्याने धान्यातील लोह शरीराला जास्त मिळते, म्हणून अशक्तपणा असलेल्या मुलींना हा खाऊ चांगला.

मात्र हे औषध नव्हे. दोन खाकरे म्हणजे जवळपास एक चपाती. मधुमेहाच्या माणसाने ते खाल्ले तर रात्रीची एक चपाती कमी करावी आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सोबत भाजलेले चणे किंवा काकडी घ्यावी.

येत्या रविवारी बरणी भरा. पुढच्या रविवारी खारीचा पुडा आणावा लागणार नाही.